लाइन गेली की सम्पचं माप कळतं

अकोल्यात कोणी घर बांधायला काढलं की नकाशा उलगडायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो. टाका किती लिटरचा? नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, घरात माणसं किती, मधेच लग्नकार्य निघालं तर काय, महानला काटेपूर्णा धरण तळाला गेलं तर काय, हा हिशेब आजेसासूपासून सेंट्रिंगवाल्यापर्यंत सगळे करतात. ‘बांधकामाच्या इतके टक्के टाका’ असं सूत्र इथे कोणी सांगितलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. आणि हीच हिशेबी माणसं हॉलमध्ये चार फुटी फिश टँक बसवतात तेव्हा तिच्या खालच्या सम्पचं माप दुकानदार सांगेल ते मान्य करून मोकळी होतात. वरच्या टाकीचा तिसरा हिस्सा, बस.

माझा आक्षेप या तिसऱ्या हिश्श्याला आहे. वऱ्हाडात सम्पचं माप टक्केवारीने ठरवूच नये. लाइन, म्हणजे वीज, गेल्यावर वरून किती पाणी खाली येतं आणि मे महिन्यात दोन-तीन दिवसांत किती पाणी उडून जातं, या दोन आकड्यांवर ते ठरवावं. हे दोन्ही आकडे घरबसल्या, इंचपट्टी आणि कागद घेऊन काढता येतात. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सायफन हा धडा पोरांना फळ्यावर कधी पटला नाही, फिश टँकखाली मात्र चांगला पटतो.

ज्यांनी सम्प पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माशांच्या टाकीखाली, स्टँडच्या आत, दुसरी लहान काचेची टाकी ठेवतात. वरचं पाणी काठाजवळच्या खाचेतून ओसंडून पाइपाने खाली येतं, आडव्या काचांनी केलेल्या कप्प्यांतून जातं. पहिल्या कप्प्यात स्पंज घाण अडवतो. मधल्या कप्प्यात सिरॅमिक रिंगा, बायो बॉल किंवा चक्क विटांचे तुकडे असतात, त्यांच्यावर वाढलेले जिवाणू माशांच्या मूत्र-विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. शेवटच्या कप्प्यात मोटर बसते, ती पाणी परत वर फेकते. टाकीखाली टाकी ठेवून पाणी गाळण्याची ही रीत घरगुती हौशी लोकांत पसरली ती १९८६ च्या सुमारास, जॉर्ज स्मिट या डच हौशी माणसाने अमेरिकेतल्या एका मासिकात त्याबद्दल लेख लिहिले तेव्हापासून. तिसऱ्या हिश्श्याचा नियम अशाच मुलुखांतला असावा, जिथे लाइन वर्षातून एखाद्या वेळी जाते आणि नळ चोवीस तास असतो.

आता हिशेबाला बसू. अमरावतीला कठोरा नाक्याकडे माझ्या नणंदेचा मुलगा राहतो. त्याची टाकी आपल्याकडे सर्रास दिसते त्या मापाची, चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. खाली सम्प अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे ८८ लिटर. तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच. दुकानदार नियमाला पक्का होता, त्याला दोष देता येत नाही. सम्पमध्ये पाणी बारा इंच ठेवलं होतं, वरचे तीन इंच मोकळे.

मृगाच्या आधीचं वादळ आलं, रात्री लाइन गेली. सकाळी त्याचा फोन. “मामी, टाकी फुटली नाई, कुठी चीर नाई, अन् सारं पाणी हॉलमंधी!”

पाणी कुठून आलं ते सांगते. मोटर बंद पडली की वर चढणारं पाणी थांबतं, पण वरून खाली येणारं लगेच थांबत नाही. खाचेच्या वर जेवढं पाणी आहे तेवढं आधी ओसरतं. त्याहून वाईट म्हणजे मोटरचा वर जाणारा पाइप आता उलटा चालू लागतो. त्याचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर सायफन तयार होतो आणि पाण्याची पातळी त्या तोंडापर्यंत उतरेपर्यंत पाणी खाली येतच राहतं. भाच्याच्या टाकीत ते तोंड पाण्याच्या चार इंच खाली होतं. ‘प्रवाह छान दिसतो’ म्हणून. या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर, चार इंच म्हणजे ५७. खाली सम्पमध्ये मोकळी जागा तीन इंचांची, ती भरते १८ लिटरमध्ये. उरलेले जवळजवळ ४० लिटर कुठे जाणार? फरशीवर. दिवाणाखाली सतरंज्यांची गाठोडी होती, त्यांच्यात.

आता हाच सम्प, त्याच मापाचा, पण पाणी नऊ इंचांवर ठेवलेला आणि पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम एक इंच खाली. लाइन गेली तर वरची पातळी दीडेक इंच उतरेल, म्हणजे २१ लिटर, पाइपातले दोन-तीन धरून २४. खाली मोकळी जागा सहा इंचांची, ३५ लिटर. फरशी कोरडी. काच तीच, मोटर तीच. सम्प कितीचा घ्यायचा हा प्रश्न खरं तर सम्प किती रिकामा ठेवायचा असा विचारायला हवा. बाजारात कोणी तसा विचारत नाही, कारण रिकामी जागा दाखवून विकता येत नाही.

“पाइपाला पातळीशी बारीक भोक पाडलं की सायफन तुटतो,” असं जाणकार सांगतील. बरोबर आहे. हवा आत शिरते आणि पाणी थांबतं. पण आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलची काय गत होते ते आठवा. त्या भोकावर क्षाराचा पांढरा थर बसतो, वर शेवाळ चढतं आणि नेमकं त्या रात्री भोक बुजलेलं असतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. म्हणून भोक जरूर पाडा, माप मात्र ते बुजलेलं आहे असं धरून काढा. इन्व्हर्टरचंही असंच. मोटर इन्व्हर्टरवर जरूर घ्या, माशांच्या श्वासासाठी ते चांगलंच, पण इन्व्हर्टर कधी ना कधी बसतो, आणि बसतो तो आपण लग्नाला शेगावला गेलेलो असतानाच.

दुसरा आकडा मे महिन्याचा. २०२४ च्या मेअखेरीस अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं होतं, हे वाचकांना आठवत असेल. पारा ४५ च्या वर. आपली ही उष्णता कोरडी, पाणी अक्षरशः पिणारी. आता गंमत अशी की, सम्प असलेल्या टाकीत वरच्या पाण्याची पातळी कमी झालेली दिसतच नाही. मोटर चालू आहे तोवर वरची टाकी खाचेपर्यंत भरलेलीच राहते. मधले कप्पेही आडव्या काचांमुळे भरलेले राहतात. सगळी घट दिसते ती एकट्या शेवटच्या कप्प्यात, जिथे मोटर आहे तिथे.

हा शेवटचा कप्पा बहुतेक सम्पमध्ये सगळ्यात अरुंद असतो. समजा तो आठ इंच बाय बारा इंच आहे. वरच्या टाकीचा पृष्ठभाग सहा चौरस फूट, या कप्प्याचा दोन तृतीयांश चौरस फूट. बरोबर नऊ पट. म्हणजे वर दिवसाला अर्धा सेंटीमीटर पाणी उडालं की खाली मोटरजवळची पातळी साडेचार सेंटीमीटर उतरते. कप्प्यात पाणी नऊ इंच, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर. मोटर बुडायला त्यातले दहा तरी लागतात. राहिले तेरा. तीन दिवस पुरत नाहीत. मग मोटर हवा ओढायला लागते, घुंघुं आवाज करते, तापते आणि जळते. आपल्याकडे मोटर कोणत्या महिन्यात जास्त जळतात ते दुरुस्तीवाल्याला विचारून पाहा. लोक मोटरच्या कंपनीला शिव्या देतात. तो कप्पा बारा इंच लांब केला असता तर नऊ पटीची सहा पट झाली असती. तीनऐवजी चार दिवस. स्पंजाच्या कप्प्यातून चार इंच काढून इकडे द्यायला काचवाल्याला वेगळा पैसाही पडत नाही.

मी एका काचवाल्याला हे विचारलं होतं. बोलका माणूस, हात सफाईचा, सिलिकॉनची रेघ अशी ओढतो की पाहत राहावं.

“मॅडम, सगळ्यायले हेच माप देतो मी. कोनाची तक्रार नाई.”

“लाइन गेल्यावर कधी पाहिलंत का, भाऊ?”

“लाइन गेल्यावर कायले पाहू? मोटर बंदच असते ना तवा.”

आठवड्याने मी पुन्हा त्याच्या दुकानावरून गेले तर नव्या सम्पच्या बाहेरच्या काचेवर त्याने मार्करने आडवी रेघ मारून ठेवली होती. ‘पानी इथलोकच.’ मला वाटतं, प्रत्येक सम्पवर कारखान्यातूनच अशी रेघ यायला हवी.

पाणी आपोआप भरलं जावं म्हणून काही जण कूलरचा किंवा आरओच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह शेवटच्या कप्प्यात लावतात आणि वर वीस लिटरचा कॅन ठेवतात. युक्ती स्वस्त आहे, चांगली आहे. पण एक हिशेब इथेही आहे. फ्लोट क्षाराने अडकला तर अख्खा कॅन सम्पमध्ये उतरणार. वरच्या उदाहरणात मोकळी जागा ३५ लिटर, त्यातली २४ लाइन जाईल त्या वेळेसाठी राखीव. उरली ११. म्हणजे कॅन दहा लिटरचाच हवा. वीसचा ठेवायचा असेल तर सम्प मोठा घ्या. मापं अशी एकातून एक निघतात.

कोरडी उष्णता आपल्या बाजूनेही वळवता येते, हे मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना सुचणार नाही. सम्पच्या पाण्यावर एक लहान पंखा सोडला तर पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरतं. कूलरचं तत्त्व तेच. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसं काही करत नाही, आपल्याकडे करतो. आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर, ३२ अंशांना सातच्या थोडा वर. माशांना हा फरक कळतो, ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. पण पंखा लावला की पाणी आणखी भराभर उडतं, म्हणजे पुन्हा शेवटचा कप्पा मोठा हवा.

माझं माहेर दर्यापूरकडचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणपट्ट्यातल्या अनेक बोअरना ही दुसरी मर्यादासुद्धा झेपत नाही. हे माशांच्या लेखात आणण्याचं कारण असं की पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. वरची टाकी आणि सम्प मिळून दिवसाला चार लिटर पाणी गेलं तर एप्रिल-मे दोन महिन्यांत २४० लिटर होतात. एक आख्खी टाकी. तेवढी भरपाई बोअरच्या पाण्याने केली तर दुसऱ्या टाकीभर क्षार त्याच टाकीत येऊन बसले. मासे एका दिवसात मरत नाहीत, म्हणून कोणाला कारण कळत नाही. जूनमध्ये पहिला गारवा येतो, आपण उत्साहाने निम्मं पाणी बदलतो, आणि दोन महिने खाऱ्या पाण्याला सरावलेले मासे त्या धक्क्याने जातात. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी, बदलायचं पाणी नळाचं वापरावं. आणि खारपाणपट्ट्यात राहून डिस्कसचा हट्ट धरू नये. मोली ठेवा. तिला थोडा खारटपणा मानवतो, दिसतेही देखणी.

एका बाबतीत अकोलेकर नशीबवान. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मासे मरतात, म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवून वापरा असं पुस्तकं सांगतात. आमच्या टाक्यात ते पाच दिवस पडलेलंच असतं.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, माणसांना पाणी नाही आणि तुम्ही माशांचे लाड काय करता. हा प्रश्न मी टाळणार नाही, तो खरा आहे. अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळणाऱ्या अमरावतीत एक दिवसाआड नळ येतो, तिथे हा प्रश्न कमी टोचतो, अकोल्यात जास्त. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ साली दारातच समुद्र मिळाला होता, आपल्याला तसलं काही मिळालेलं नाही. पण आकडा पाहा. दिवसाला चार लिटर. मोठा डेझर्ट कूलर एवढं पाणी तासाभरात संपवतो आणि त्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही. बेहिशेबी पाणी जातं ते सम्प नसलेल्या किंवा चुकीचा सम्प असलेल्या टाक्यांत, जिथे पाणी गढुळलं की पूर्ण टाकी उपसून मोरीत ओततात. नीट मापाच्या सम्पमध्ये जिवाणूंना जागा मिळते, पाणी टिकतं, पंधरवड्याला पाचवा हिस्सा बदलला की भागतं. ते बदललेलं पाणी नायट्रेटने भरलेलं असतं, माझ्या गच्चीवरचा कढीपत्ता त्याच्यावर माजला आहे. ज्याला तेवढंही पाणी परवडत नसेल त्याने दोन फुटी टाकी घ्यावी. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश कोंडणाऱ्यांशी मात्र मला बोलायचंच नाही.

मग सम्प जितका मोठा तितका चांगला का? तसंही नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २५५ लिटरची टाकी, निम्म्याहून जास्त भरलेला सम्प, काच, लोखंडी अँगलचं स्टँड, खडी, सगळं मिळून चारशे किलोच्या घरात जातं आणि ते उभं असतं सहा चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबचं गणित साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून केलेलं असतं. तळमजल्यावर कसली चिंता नाही. वरच्या मजल्यावर मात्र टाकी भिंतीला लागून, बीमच्या वर किंवा बीमजवळ हवी, हॉलच्या मधोमध नको, आणि जुन्या घराचा स्लॅब असेल तर इंजिनिअरला एकदा दाखवावं. शिवाय स्टँडच्या पायांत बसणारा सगळ्यात मोठा सम्प घेतला की त्याच्या वर हात घालायला जागा राहत नाही. स्पंज काढायला सात-आठ इंच तरी मोकळे हवेत. जो स्पंज काढता येत नाही तो कोणी धूत नाही. झाकण मात्र हवंच, पाल पडते. आणि वर भरपाईचा कॅन किंवा बादली ठेवाल तीही झाकलेली हवी, नाहीतर माशांच्या हौसेपायी डासांची पैदास व्हायची आणि गप्पी मासे वाटणारे आरोग्य कर्मचारी तुमच्याच दारात यायचे.

तर दुकानात जाल तेव्हा टक्के विचारू नका. टाकी, सम्प, पाइप सगळं तुमच्यासमोर जोडून पाण्याने भरायला सांगा. मोटर चालू करायला सांगा. मग म्हणा, “भाऊ, आता प्लग काढा.” दहा मिनिटं थांबा, चहा मागवा वाटल्यास. खालचं पाणी काठाच्या दोन इंच खाली थांबलं तरच पैसे द्या.